मिठाखालचे सिस्मिक चित्र नेमके कुठे बिघडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सैंधव मिठातून सिस्मिक लहरी, म्हणजे जमिनीखालचे चित्र काढण्यासाठी सोडलेल्या कंपनलहरी, जलद जातात, आणि त्यांची ऊर्जाही मिठात फारशी शोषली जात नाही, असे पुस्तकात आहे, मग मिठाच्या जाड थराखालचे चित्र इतके खराब का येते? आणि जोडून दुसरा: व्हेलॉसिटी मॉडेल, म्हणजे कुठल्या खडकात लहरीचा वेग किती याचा नकाशा, करताना मिठाला सरसकट सेकंदाला ४५०० मीटर वेग देऊन टाकतात, ते बरोबर आहे का?

पुस्तकातली दोन्ही विधाने खरी आहेत. चित्र बिघडते ते मिठाच्या आकारामुळे आणि आजूबाजूच्या खडकाशी असलेल्या वेगाच्या तफावतीमुळे. शोषणाचा त्यात हात जवळजवळ नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र खोऱ्यावर ठरते: मेक्सिकोच्या आखातात ४५०० बरेचदा चालून जाते, ब्राझीलच्या सांतोस खोऱ्यात चालत नाही.

आधी मिठाचा स्वभाव पाहू. हॅलाइट, म्हणजे शुद्ध सैंधव, याची घनता सुमारे २.१६ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आणि पी लहरीचा (ध्वनीसारखी दाबाची लहर) वेग ४५०० मीटर प्रति सेकंद. त्यात छिद्रे जवळपास नसतात, त्यामुळे वरून कितीही भार आला तरी ते दबून आणखी घट्ट होत नाही. एक किलोमीटर खोल असो की पाच, वेग साधारण तोच. उलट खोलवरच्या तापमानाने किंचित कमीच होतो. गाळाच्या खडकाचे तसे नाही. समुद्रतळाजवळच्या ओल्या गाळात वेग १८००-२००० मीटर असतो आणि खोल जाईल तसा गाळ दबत, पाणी टाकत जातो व वेग ३०००-४००० पर्यंत चढतो. घनतेतही तेच: वरचा गाळ मिठापेक्षा हलका, खालचा जड. म्हणूनच मीठ वर चढते, त्याचे घुमट होतात, जिभा पसरतात.

आता जरा आकडेमोड. मिठाची ध्वनिक प्रतिबाधा, म्हणजे वेग गुणिले घनता, सुमारे ९७२०. त्यावर २००० वेगाचा आणि २.० घनतेचा उथळ गाळ असेल तर त्याची ४०००. परावर्तन गुणांक, म्हणजे सीमेवरून लहरीचा किती भाग परततो तो, निघतो ०.४२. सिस्मिकमध्ये हा प्रचंड आहे. नेहमीच्या वालुकाश्म-शेल सीमेवर ०.०५ ते ०.१ मिळाले तरी आपण खूश असतो. खोलवर, ३००० वेगाच्या आणि २.३ घनतेच्या गाळाखाली, तोच गुणांक ०.१७ वर येतो. आणि मीठ जर घट्ट चुनखडकाला लागून असेल तर चुनखडकच जलद ठरतो आणि चिन्ह उलटते. ‘मिठाचा माथा म्हणजे नेहमी ठळक धन परावर्तन’ हा नियम पाठ करून ठेवू नका.

०.४२ पाहून बहुतेकांना वाटते की ऊर्जा इथेच संपली. हिशेब करून पाहा. सीमेतून सरळ खाली जाऊन परत वर येणाऱ्या लहरीचा आयाम, म्हणजे ताकद, उरतो एक वजा गुणांकाचा वर्ग, म्हणजे ०.८२. मिठाच्या तळाशी गुणांक ०.१७ धरला तर तिथे ०.९७ उरतो. दोन्ही मिळून ८० टक्के. म्हणजे मिठाचा थर सपाट असता तर त्याच्याखालचे परावर्तन मूळच्या चार पंचमांश ताकदीने परत आले असते. मिठाचा गुणवत्ता घटक, ज्याला आपण ‘क्यू’ म्हणतो (जितका मोठा तितके शोषण कमी), शेकड्यांत असतो. वरच्या मऊ गाळाचा त्याहून कितीतरी कमी. उच्च वारंवारता खाऊन टाकतो तो वरचा गाळ, आणि बोलणी मिठाला बसतात.

पण माथा सपाट नसतो. स्नेलच्या नियमाने २००० वेगाच्या गाळातून ४५०० च्या मिठात शिरताना क्रांतिक कोन येतो २६ अंश. ३००० च्या गाळातून ४२. याचा अर्थ असा की उथळ घुमटाची बाजू ३० अंशांनी कललेली असेल, तर वरून सरळ खाली येणारी लहर पी लहर म्हणून मिठात शिरतच नाही, सगळी बाहेर फेकली जाते. मिठाचे कडे ६०-७० अंशांचे असतात, काही ठिकाणी उलटे झुकलेलेही. जी लहर शिरते ती जोरात वाकते, आणि तळातून बाहेर पडताना पुन्हा वाकते. मिठाच्या माथ्यावर शंभर-दोनशे मीटरचे खड्डे-उंचवटे असले की खालच्या एखाद्या पट्ट्यावर किरणांची गर्दी होते आणि शेजारच्या पट्ट्यावर अंधार. तिथला खडक प्रकाशितच होत नाही, मग प्रोसेसिंग कितीही महागडे करा. सावलीच्या जागी आवाज वाढवून दिसतो तो गोंगाट असतो.

हाच वेग एकेकाळी वरदान होता. १९२४ मध्ये लुडगर मिंट्रोपच्या जर्मन कंपनीच्या तुकडीने टेक्सासमध्ये ऑर्चर्ड घुमट शोधला तो अपवर्तनाने. एका ठिकाणी सुरुंग उडवायचा, काही किलोमीटरवर पंख्यासारखी उपकरणे मांडायची आणि कोणाकडे लहर ठरल्या वेळेआधी पोचते ते पाहायचे. वाटेत दीड किलोमीटर मीठ लागले तर २५०० च्या गाळात ०.६० सेकंद घेणारी लहर ०.३३ सेकंदात पार होते. पाव सेकंदाची आघाडी त्या काळच्या यंत्रांनाही सहज दिसायची. तेव्हा तेल घुमटाच्या माथ्यावर आणि कडेला शोधत. मिठाच्या खाली शोधायची वेळ आली तेव्हा तीच आघाडी डोकेदुखी झाली. आखातातला मिठाखालचा पहिला व्यापारी शोध, महोगनी, १९९३ चा आहे.

डोकेदुखी कशी, तर २००० मीटर जाड मीठ घ्या. जाऊन-येऊन लहरीला ०.८९ सेकंद लागतात. तेवढ्याच जाडीच्या ३००० वेगाच्या गाळात १.३३ लागले असते. म्हणजे वेळेच्या छेदात (खोलीऐवजी लहरीचा वेळ दाखवणाऱ्या चित्रात) मिठाखालचा अगदी सपाट थर ०.४४ सेकंद वर उचललेला दिसतो आणि मिठाच्या कडेला धाडकन खाली येतो. नवख्या माणसाला तिथे सुंदर उंचवटा दिसतो, चहूबाजूंनी बंद, तेल अडकायला अगदी योग्य. मिठाची जाडी बदलते तसतसा हा खोटा उंचवटाही बदलतो. म्हणून मिठाच्या मुलखात वेळेच्या छेदावरून नकाशे काढू नयेत. डेप्थ मायग्रेशन, म्हणजे परावर्तने हिशेबाने त्यांच्या खऱ्या जागी आणि खोलीवर नेणे, लागतेच, आणि तेही पोस्ट-स्टॅक (नोंदी एकत्र मिळवल्यावर) नव्हे, प्री-स्टॅक (मिळवण्याआधी).

आणखी एक फसवणूक विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही. मिठातील एस लहरीचा (आडव्या हालचालीची, पीपेक्षा मंद लहर) वेग सुमारे २५५० आहे. वरच्या गाळातील पी लहरीचा वेगही त्याच्याच आसपास असला की पी लहर मिठात शिरताना एस लहरीत सहज रूपांतरित होते, विशेषतः कोन मोठा असताना. अशी लहर जवळपास न वाकता मिठातून जाते, तळावरून परत येते आणि वर पुन्हा पी होते. वर घेतलेल्या २००० मीटर मिठात शुद्ध पी लहरीला ०.८९ सेकंद, एका बाजूने पी आणि दुसऱ्या बाजूने एस जाणाऱ्या लहरीला १.२३, दोन्ही बाजूंनी एस जाणाऱ्या लहरीला १.५७. मायग्रेशन सगळ्यांना पी समजून जागा देते, आणि खऱ्या तळाखाली मिठाचे आणखी दोन ‘तळ’ उमटतात. त्यांचा आकार माथ्याच्या आकाराची नक्कल करतो. ते लक्षात आले की ओळख पटते. मिठाखालच्या एखाद्या ठळक परावर्तनावर जीव जडला असेल तर आधी ही वेळ काढून पाहावी.

मॉडेल कसे बांधतात ते थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथेच सुटतो. प्रथम मीठ नाहीच असे धरून केवळ गाळाचा वेग टोमोग्राफीने (लहरींच्या वेळांवरून वेग काढण्याच्या पद्धतीने) बसवायचा आणि मायग्रेशन करायचे. त्यात मिठाचा माथा नीट दिसतो. तो पिक करायचा, म्हणजे चित्रावर रेघ मारून ठरवायचा. मग माथ्याखाली सगळीकडे मिठाचा वेग भरायचा, याला आम्ही ‘सॉल्ट फ्लड’ म्हणतो, आणि पुन्हा मायग्रेशन. आता तळ दिसतो. तो पिक करून त्याखाली पुन्हा गाळाचा वेग. मिठाची जीभ दुसऱ्या जिभेवर चढलेली असेल तर हेच चक्र पुन्हा.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ माथ्यावर घालवावा. लोक उलट करतात: माथा ‘स्पष्टच आहे’ म्हणून ऑटोपिकरला देतात आणि तळाशी आठवडे झगडतात. समजा २५०० वेगाच्या गाळाखाली माथा चुकून १०० मीटर वर पिक झाला. त्या १०० मीटरमध्ये मॉडेल गाळाऐवजी मीठ समजते, एका दिशेने १८ मिलिसेकंद वाचतात, आणि तळ ८० मीटर खोल जाऊन बसतो. चूक सगळीकडे सारखी असती तर फार बिघडले नसते. ती जागोजागी वेगळी असते, म्हणून तळ लाटालाटांचा होतो आणि खालचे सगळे थर खोट्या उतारांचे होतात. तळ लाटांचा आणि त्या लाटा माथ्याशी जुळणाऱ्या दिसल्या, तर तळ दुरुस्त करू नका, वर जा.

तंत्राची प्रगतीही याच अडचणींच्या मागे मागे झाली. किरणांवर चालणारे किर्खॉफ मायग्रेशन एकाच बिंदूकडे अनेक वाटांनी येणाऱ्या लहरींपुढे हतबल होते. रिव्हर्स टाइम मायग्रेशनची कल्पना १९८३ ची, पण संगणक परवडू लागले ते २००० नंतर; त्यात पूर्ण तरंग समीकरण सुटते, म्हणून उलटे झुकलेले कडेही दिसतात. त्याच सुमारास लक्षात आले की एकाच जहाजामागे लांब केबल ओढून एकाच दिशेने प्रकाश टाकला तर सावल्या हटणार नाहीत. मग अनेक जहाजांचे, अनेक दिशांनी पाहणारे वाइड अ‍ॅझिमथ सर्वेक्षण आले आणि समुद्रतळावर ठेवायचे नोड (लहरी नोंदवणारी सुटी उपकरणे) आले. नोडांनी मिळालेली लांब अंतरे आणि नीच वारंवारता वापरून फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्जन (पूर्ण नोंदीशी जुळेपर्यंत मॉडेल सुधारत जाण्याची पद्धत) मिठालाही लागू पडू लागले. जानेवारी २०१९ मध्ये बीपी या तेल कंपनीने जाहीर केले की आखातातल्या थंडर हॉर्स क्षेत्रात आणखी १०० कोटी बॅरल आणि अटलांटिसमध्ये ४० कोटी बॅरल तेल असल्याचे दिसले आहे. हा आकडा जागेवर असलेल्या तेलाचा, उपसता येणाऱ्या तेलाचा नव्हे. पण जुन्या, चालू क्षेत्रात केवळ चित्र सुधारल्याने एवढे दिसावे ही लहान गोष्ट नाही.

हे सगळे एकजिनसी मिठाबद्दल झाले. मेक्सिकोच्या आखातातले ल्यूआन मीठ ज्युरासिक काळातले. ते मूळ थरातून वर येताना इतके वाहिले आणि मळले गेले आहे की आत बहुतांश हॅलाइटच उरते. आतून परावर्तन नाही, चित्रात नुसता कोरा भाग. तिथे ४५०० चालते. तरीही अडकलेले गाळाचे तुकडे, दोन जिभा जुळल्याच्या शिवणी सापडतात, आणि त्या ‘मळक्या’ मिठाचा वेग कमी असतो.

पण समुद्राचे पाणी आटताना फक्त मीठ पडत नाही. कोकणात मिठागरावर काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत घेत घट्ट करत जातात. जिप्सम आधीच्या कोंडीत बसते, मूळच्या सुमारे एक दशांश उरल्यावर खाण्याचे मीठ धरते, आणि राहिलेले कडू पाणी बाहेर सोडून देतात, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. निसर्गात ते कडू पाणी कोणी सोडत नाही. खोरे पूर्ण आटले तर पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षारही थर धरतात, आणि समुद्र पुन्हा आत आला की चक्र पहिल्यापासून.

या खनिजांचे वेग एकमेकांपासून फार वेगळे आहेत. ॲनहायड्राइट, म्हणजे खोलीत पाणी गमावलेले जिप्सम, ६००० मीटर प्रति सेकंद आणि घनता २.९७, गाळाच्या खोऱ्यात याच्याइतके जलद आणि जड क्वचितच काही असते. पॉलिहालाइट ५३०० च्या आसपास. सिल्वाइट ४१००, घनता १.९८. कार्नालाइट ३९००, घनता १.६. टॅकिहायड्राइट तर ३३००. हॅलाइटवरून ॲनहायड्राइटमध्ये जाताना परावर्तन गुणांक ०.२९, हॅलाइटवरून कार्नालाइटमध्ये वजा ०.२२. म्हणजे मिठाच्या पोटातच माथ्याइतक्या ताकदीचे आरसे एकावर एक रचलेले.

सांतोस खोऱ्यातले आरिरी फॉर्मेशन नेमके असे आहे. ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेल कंपनीला २००६ मध्ये तुपी हे तेलक्षेत्र सापडले ते सुमारे २१०० मीटर पाण्याखाली आणि त्याखालच्या सुमारे २००० मीटर मिठाखाली. त्या मिठाला सरसकट ४५०० दिला तर काय होते पाहा. दोन काल्पनिक विहिरी घेऊ, दोन्हीत मीठ २००० मीटर. पहिलीत ३०० मीटर टॅकिहायड्राइट, बाकी हॅलाइट: सरासरी वेग ४२७० च्या आसपास. दुसरीत ४०० मीटर ॲनहायड्राइट, बाकी हॅलाइट: ४७४० च्या आसपास. ४५०० ने खोली काढली तर पहिलीत मीठ २१०९ मीटर जाड येते, दुसरीत १९००. मुळात सपाट असलेल्या तळावर २०० मीटरचा उंचवटा तयार झाला, आणि तोही नेमका लोकांना जिथे तेलसाठा हवा असतो त्या पातळीवर. शिवाय गंमत अशी की हॅलाइट ८० टक्के, ॲनहायड्राइट १० आणि कार्नालाइट १० असे मिश्रण असेल तर सरासरी ४५४० येते. जलद आणि मंद एकमेकांना खोडतात. अशा एका विहिरीवरून ‘४५०० बरोबर आहे’ असा निष्कर्ष काढून तो पूर्ण ब्लॉकवर लावणारे भेटतात.

अशा थरदार मिठात ऊर्जेचे नुकसानही खरे होते, म्हणजे वरचा ८० टक्क्यांचा हिशेब इथे लागू नाही. प्रत्येक आरशावर थोडे थोडे जाते, आणि आतल्या आत आपटून उशिरा निघालेल्या अंतर्गत मल्टिपल लहरी मिठाखालच्या चुनखडकाच्या परावर्तनावर येऊन बसतात. थरांमुळे आडवा वेग उभ्यापेक्षा जास्त होतो, ती विषमदिशता वेगळी. पण थरांचा एक फायदा आहे: आत परावर्तने असल्यामुळे टोमोग्राफीला धरायला काहीतरी मिळते. कोऱ्या मिठात ते नसते.

विहिरीच्या लॉगवरून (विहिरीत उपकरण सोडून केलेल्या मोजणीवरून) हे वेग घेताना एक खोच आहे. गॅमा-गॅमा घनता लॉग इलेक्ट्रॉनांची घनता मोजतो आणि त्यावरून खडकाची घनता सांगतो. हॅलाइटमध्ये तो २.०३ दाखवतो, खरी २.१६ असताना. सिल्वाइटमध्ये १.८६ दाखवतो, खरी १.९८. लॉग तसाच सिंथेटिकमध्ये (लॉगवरून बनवलेल्या कृत्रिम सिस्मिक नोंदीत) घातला तर मिठाची प्रतिबाधा सहा टक्क्यांनी कमी निघते आणि कार्नालाइट-सिल्वाइटचे थर ओळखण्यात गोंधळ होतो. त्यातच पाण्याच्या मडने (खणताना वापरायच्या द्रावाने) मीठ विरघळून विहीर रुंद झाली असेल तर सॉनिक (लहरीचा वेग मोजणारा) आणि घनता दोन्ही लॉग बिघडतात. कॅलिपर, म्हणजे विहिरीची रुंदी मोजणारा लॉग, पाहिल्याशिवाय मिठातल्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नये.

भूकंपमापनातही हाच खेळ चालतो, फक्त उगम खाली असतो. नेदरलँड्समधले ग्रोनिंगनचे वायुक्षेत्र १९५९ मध्ये सापडले. साठ्याचा वालुकाश्म सुमारे तीन किलोमीटर खोल आणि त्यावर झेकस्टाइनचे पर्मियन काळातले मीठ, त्यात ॲनहायड्राइटचे थर. वायू उपसून वालुकाश्म दबला, जुने प्रस्तरभंग सरकले, आणि १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगेला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. साठ्यातून निघालेली लहर वर जाताना लगेच ६००० वेगाच्या ॲनहायड्राइटला आणि मग मिठाला भिडते: काही ऊर्जा परत खाली, काही पी वरून एस मध्ये आणि एस वरून पी मध्ये, काही बाजूला पसरते. वरच्या यंत्रावर पहिली आलेली लहर साध्या मॉडेलने वाचली तर केंद्राची खोली आणि प्रस्तरभंगाची दिशा दोन्ही चुकू शकतात. तिथला उपसा १ ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवला गेला.

आपल्याकडे लोक हमखास विचारतात की दख्खनच्या बेसॉल्टखाली पाहण्याची अडचण हीच ना. अर्धीच. वर जलद, खाली मंद हे साम्य आहे. पण घुमटांच्या मिठात आकार अवघड आणि आतला भाग साधा, बेसॉल्टमध्ये उलट: आकार साधारण आडवा, पण लाव्हाच्या एकावर एक चढलेल्या प्रवाहांत ताजा, सच्छिद्र आणि कुजलेला दगड असा आलटून पालटून लागतो आणि लहर आतच विखुरते. त्यामुळे तिथे नीच वारंवारता आणि मॅग्नेटोटेल्युरिक (जमिनीची विद्युतवाहकता मोजणारी पद्धत) यांवर भिस्त ठेवतात. आणि शेवटी विहीर खणल्याशिवाय खात्री नसते. कोयनेला पहिल्या विहिरीत सुमारे ९३३ मीटर बेसॉल्ट संपल्यावर गाळ न लागता थेट ग्रॅनाइटी खडक लागला.

तुम्ही भारतातल्या मिठावर काम करणार असाल तर बहुधा राजस्थानातल्या नागौर-गंगानगर खोऱ्यातल्या हनसेरन थरांवर कराल. ते मीठ घुमटांचे नाही. हॅलाइट, ॲनहायड्राइट, डोलोमाइट, माती आणि मध्ये मध्ये पोटॅशचे क्षार, असे थरावर थर आहेत. त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातली प्रकरणे वाचून सॉल्ट फ्लडची तयारी करू नका, सांतोसची वाचा. सर्वेक्षणाचा डेटा उघडण्याआधी जवळच्या विहिरींचे सॉनिक, कॅलिपर आणि दुरुस्त केलेली घनता मागून घ्या, नैसर्गिक किरणोत्सार मोजणाऱ्या गॅमा लॉगवर पोटॅशचे थर वेगळे काढा, आणि मिठाला एक वेग देण्याऐवजी प्रत्येक विहिरीतल्या खनिजांच्या प्रमाणावरून वेग काढून मधल्या भागात टोमोग्राफीला बदलू द्या.